सोळा पत्रे अन एक दार

इमामबीला वकिलाची नोटीस आली, तेव्हा ती दोरा दातांत धरून गादीला टाके घालत होती. पोस्टमन उंबऱ्यात उभा राहून म्हणाला, सही करा. इमामबीनं मान न उचलता सांगितलं, "थांब बाप्पा. ओळ अर्ध्यात सोडली त रुई सरकते." अन पोस्टमन थांबला की उन्हात! टेंभी गावात इमामबीला घाई करायची कोणाची छाती नव्हती. तिच्या हातच्या गादीवर पाठ टेकली नाही असा माणूस त्या गावात शोधावा लागला असता, अन पोस्टमनच्या लग्नातल्या दोन्ही गाद्या तिनंच भरलेल्या.

ओळ संपली, गाठ बसली, मग तिनं उर्दूत सही केली. मराठी तिला बोलता यायचं, मराठीत भांडता तर फारच चांगलं यायचं, पण वाचता यायचं नाही. म्हणून तिनं शेजारच्या अंगणाकडे तोंड करून हाक दिली, "गोजरबाई! ये वं इकडे, कागद आला."

गोजरबाई चौथी शिकलेली, पाच एकर कोरडवाहू रानाची मालकीण, अन दुसऱ्याच्या कागदात नाक घालायला सदा तयार. ती पदराला हात पुसत आली अन अडखळत वाचू लागली. मजकूर असा होता की टेंभी इथलं घर क्रमांक एकशे बारा हे इंद्रभान पुंजाजी यांच्या मालकीचं आहे, त्यांना ते स्वतःच्या धंद्यासाठी पाहिजे आहे, तरी भाडेकरू इमामबी गुलजार यांनी आखजीपर्यंत, म्हणजे अक्षय्य तृतीयेपर्यंत, घर खाली करावं, अन घर 'पूर्वी ज्या स्थितीत दिले त्याच स्थितीत, कोणतीही मोडतोड न करता' मालकाच्या ताब्यात द्यावं.

"आखजी म्हणजे बावीस दिवस राह्यले," गोजरबाई म्हणाली. तिचं तोंड उतरलं होतं.

"मले मोजता येते," इमामबी म्हणाली. अन पुढची ओळ टाकायला घेतली. पण सुई दोनदा बोटात गेली, हे गोजरबाईनं पाहिलं.

आता हा इंद्रभान कोण ते सांगतो. खामगावहून शेगावला जाणाऱ्या रस्त्यावर टेंभीचा फाटा लागतो, तिथं त्याचं कृषी केंद्र. बाप पुंजाजी साधा शेतकरी होता, पण बीटी कपाशी आली अन इंद्रभानचे दिवस पालटले. पिकवणाऱ्याचं काय झालं ते सगळ्या जिल्ह्याला माहीत आहे. विकणाऱ्याचं बरं झालं. बियाणं त्याच्याकडून, खत त्याच्याकडून, बोंडअळी येणार नाही म्हणून घेतलेल्या बियाण्यावर तुडतुडे आले की फवाराही त्याच्याकडूनच. दुकानात पेट्या मावेनात. मे महिन्यात बियाण्याचा माल उतरायच्या आधी त्याला रस्त्याला लागून एक कोरडी, पक्क्या छपराची जागा पाहिजे होती. अन अशी जागा म्हणजे इमामबी राहत होती ते घर.

चोवीस वर्षांपूर्वी त्या घराला छप्पर नव्हतं. चार मातीच्या भिंती तेवढ्या उभ्या होत्या, आत एरंड उगवलेला. इमामबीचा नवरा गुलजार तेव्हा पंधरा वर्षांपासून खामगावच्या एका जुन्या जिनिंगमध्ये, कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, कामाला होता. जिनिंग बंद पडलं. मालकाकडे मजुरांना द्यायला पैसे नव्हते, म्हणून ज्याचे जेवढे निघत होते तेवढ्याचं सामान दिलं. कोणाला लाकूड मिळालं, कोणाला साखळदंड. गुलजारच्या वाट्याला आले सोळा टिनपत्रे, जुन्या काळचे, जाड, वाजवले तर देवळातल्या घंटेसारखे वाजणारे, अन एक सागवानी दार, चौकटीसकट. पंधरा वर्षांची मजुरी बैलगाडीत घालून तो गावात आला. बैलगाडी पुंजाजीचीच होती.

पुंजाजी म्हणाला होता, "भिंती माह्या, छप्पर तुहं. भाडं अर्धं देजो. जाशील तवा आपलं छप्पर काढून नेजो." आमच्या भागात ही जुनीच रीत. गरीब माणूस भाड्याच्या घरात जातो तो स्वतःचे पत्रे, पत्र्याखालच्या लाकडी बल्ल्या घेऊन, अन निघतो तेव्हा घेऊन निघतो. त्याचा कागद कोणी करत नाही. घरपट्टी राहील त्यानं भरायची, हेही तसंच तोंडी. पुढे पुंजाजी गेला, त्याच्यामागे सहा वर्षांनी गुलजार गेला. ज्या दोघांत बोलणं झालं, ते दोघेही नाहीत.

संध्याकाळी इमामबी इंद्रभानकडे गेली. तो तिला चाची म्हणायचा. लहानपणी तिच्या रुईच्या ढिगात उड्या मारून मार खाल्लेला पोरगा तो, पण आता त्याच्या खिशात दोन मोबाइल होते.

"इंद्रभान, घर पायजे त तोंडानं सांगायचं. वकील कायले?"

"चाची, आजकाल सगळं कागदावर लागते."

"बरं. जाते मी. भिंती तुह्या, तुले देते. माहे पत्रे अन दार काढून नेते."

इंद्रभाननं मोबाइल खाली ठेवला. "पत्र्याले हात लावायचा नाही, चाची. चोवीस वर्सं घराले लागले ते घराचे झाले. अन तुमचे होते याले पुरावा काय? बाबानं बसवले असतील."

 इमामबीला राग आला, असं म्हणणं म्हणजे काहीच न म्हणणं. तळपायाची आग मस्तकात गेली. गुलजारच्या पंधरा वर्षांच्या मजुरीवर हा पोरगा एका वाक्यात नांगर फिरवत होता. पण ती भांडली नाही. भांडायचं कधी अन कुठं, हे तिला कळायचं.

कारण पत्र्यावर तिचं सगळं अडलं होतं. गोजरबाईच्या घराला पलीकडून लागून असलेला दीड गुंठ्याचा तुकडा इमामबीनं चांदीचे तोडे विकून घेतला होता. खरेदीखत रीतसर, खामगावला नोंदवलेलं, तिच्या एकटीच्या नावानं. मुलगा मतीन मिस्त्रीकाम करायचा. सुट्टीच्या दिवशी विटा लावून लावून त्यानं तीन वर्षांत भिंती वर आणल्या होत्या. त्यात दोन वर्षं कपाशीनं गावालाच मारलं. लोक नव्या गाद्या भरेनात, जुन्याच पिंजून मागू लागले. एका घरातून तर पिंजायला नाही, नुसती उसवून द्यायला गादी आली. तिच्यावर निजणारा त्याच आठवड्यात गेला होता, अन फवाऱ्याच्या औषधाचा रिकामा डबा बांधावरच सापडला होता. इमामबीनं त्या गादीचे पैसे घेतले नाहीत. अशा दिवसांत नवं छप्पर कुठून आणणार? जुने पत्रे मिळाले तर तिचं स्वतःचं घर उभं होतं. नाही मिळाले तर भिंतींवर आभाळ, अन पंचावन्नाव्या वर्षी पुन्हा दुसऱ्याच्या दारात.

मतीन रात्री जेवताना ताट सरकवून म्हणाला, "अम्मी, निघायचंच नाही. बारा वर्सं राह्यलं का घर आपलंच होते. कोर्टात खेचू."

"जेव पहिले," इमामबी म्हणाली. "उद्या विचारून येते."

खामगावच्या कचेरीसमोर कडुनिंबाखाली अकील मुन्शी टाइपरायटर घेऊन बसायचा. अर्ज लिहिता लिहिता त्याचे केस पिकले होते, अन बऱ्याच वकिलांना माहीत नसलेलं त्याला माहीत होतं. त्या वर्षी त्याच्यापुढे रांग असायची ती सरकारी मदतीच्या अर्जांची, अन रांगेत बायाच जास्त. इमामबी रांगेतच बसली. नंबर आला तशी तिनं पिशवीतून तारेत ओवलेल्या चोवीस पावत्या काढल्या, टेबलावर ठेवल्या, अन डाव जिंकल्यासारखी ताठ बसली.

"घरपट्टी चोवीस वर्सं मी भरली. लाइटीचं मीटर माह्या नावाचं. बारा वर्साचं म्हणतेत, मी त दुप्पट राह्यले. आता सांगा अकीलभाई, घर कोणाचं?"

"इंद्रभानचं," अकील म्हणाला.

इमामबीनं पावत्या त्याच्याकडे अजून सरकवल्या.

"आपा, घरपट्टी म्हणजे पंचायतीचा कर. कोणीही भरा, पंचायत पावती फाडते. मालकी त्यानं येत नाही. मीटर म्हणजे वीज कोण जाळते त्याची नोंद. अन बारा वर्साचं भाडेकरूले लागत नाही. दर महिन्याले ज्याच्या हातात भाडं ठेवता, तुम्हीच त्याले मालक म्हणून राह्यल्या नं?"

"मंग मी कामातून गेले म्हणा."

"अशा कशा जाता? मालक नाही, पण भाडेकरू त हायेच तुम्ही. कोर्टाच्या हुकुमाशिवाय तुम्हाले कोणी बाहेर काढू शकत नाही. नोटीस म्हणजे हुकूम नाही. त्यानं कुलूप ठोकलं नाहीतर वायर तोडली, त सरळ ठाण्यात जाजा. अन या महिन्याचं भाडं मनीऑर्डरनं पाठवा. घेतलं त पावती येईन, परत केलं त शेरा येईन. दोन्ही कामाचे."

"म्हणजे मी बसून राहू शकते."

"दहा वर्सं बसा. दावा चालत राहीन."

इमामबीनं कडुनिंबाकडे पाहिलं. दहा वर्षांनी ती पासष्टची झाली असती, अन ते घर तेव्हाही इंद्रभानचंच राहिलं असतं. तारखा मोजत, वकिलाला पैसे देत, दुसऱ्याच्या भिंतीत बसून राहायचं? छे. तिनं डोकं हलवलं.

"मले त्याचं घर नाई पायजे, अकीलभाई. मले माहे पत्रे पायजे. अन दार."

अकीलनं चष्मा काढून पुसला. "हे मात्र कायद्यात बसते. भाडेकरूनं स्वतःच्या खर्चानं लावलेली चीज त्याले काढून नेता येते. घर मात्र होतं तसं परत द्यायचं. पण एक ध्यानात ठेवा. घर ताब्यात हाये तवरच काढायची. एकदा बाहेर पडल्या, घर सोपवलं, अन मंग पत्रे मागायले गेल्या, त गेले पत्रे. सगळे इथंच चुकतेत." मग थांबून म्हणाला, "पण पत्रे तुमचे हे दाखवायचं कशानं? जिनिंगचा कागद?"

"जिनिंगच नाई राह्यलं, कागद कुठला?"

"साक्षीदार?"

"दोघंही वर गेले."

अकीलनं चष्मा परत डोळ्यांवर चढवला. मागच्या बाईनं खोकून आपला नंबर आहे हे कळवलं. इमामबी पावत्या पिशवीत घालायला लागली, अन घालता घालता तिच्या मनात कित्येक वर्षं टोचत असलेली एक गोष्ट तिच्या तोंडून निघाली.

"एक सांगा बरं. गोजरबाईचं घर माह्या घराच्या अर्धं. तिची पट्टी एकशे दहा रुपये येते. माही एकोणीस. काऊन?"

अकीलची बोटं टाइपरायटरवरच थांबली. त्यानं तारेतल्या पावत्या परत ओढल्या, एकेक उलटली, अन हळूच हसला. "आपा, हे पहिले सांगायचं नं! ग्रामपंचायतीत जा अन नमुना आठचा उतारा मागा. त्यात घर कसं लिहिलं हाये ते पाहा. अर्ज मी लिहून देतो. त्याचे पैसे नको, फक्त मले एक उशी भरून द्या, मान फार दुखते."

ग्रामसेवक टेंभीत शुक्रवारी यायचा, आला तर. त्या शुक्रवारी तो आला तेव्हा पंचायतीच्या ओट्यावर इमामबी अन गोजरबाई अशा बसल्या होत्या, की त्याला आत जायला वळसा घालावा लागला. अर्ज पाहून त्यानं मोठं रजिस्टर काढलं अन वाचलं, "घर क्रमांक एकशे बारा. मालक इंद्रभान पुंजाजी. राहणार गुलजार. वर्णन, मातीच्या भिंती, पडीक. छप्पर नाही. दार नाही."

इमामबी ऐकत होती. मग शांतपणे म्हणाली, "साहेब, मंग मी चोवीस वर्सं निजते कुठी?"

गोजरबाई पदर तोंडात कोंबून हसायला लागली. ग्रामसेवक कावराबावरा झाला. "जुनी नोंद हाये. छप्पर लिहिलं का पट्टी वाढते, म्हणून मालक सांगत नाहीत."

"पण दर चार वर्सांनी नवं लिहितेत नं तुम्ही?"

"लिहितो की. मालक सांगते बदल नाही, आम्ही लिहितो बदल नाही. हे पाहा, शेवटची सही इंद्रभानचीच. दोन हजार तीन."

पुंजाजीनं पट्टी वाचवायला लिहिलं होतं, अन पोरानं डोळे झाकून खाली सही ठोकली होती. आता खरं सांगायचं तर टेंभीत निम्म्या गावानं हेच केलं होतं. माडी झाली तरी कागदावर झोपडीच. वर्षाला पन्नास-शंभर रुपये वाचले की माणसाला वाटतं सरकारला गंडवलं. गोजरबाई तेवढ्यात बोट फिरवत खालच्या ओळीवर गेली अन ओरडलीच, "अगं बाई! कृषी केंद्र, म्हणते, गुरांचा गोठा! म्हंजे आपुन बीटी गोठ्यातून आणतो का वं?"

इमामबीनं दोन्ही ओळींची नक्कल मागितली. शिक्का मारून. शिक्का पुसट उठला तर तिनं दुसऱ्यांदा मारायला लावला.

दुसऱ्या दिवशी सकाळी इंद्रभानच्या दुकानात गर्दी होती. त्या वर्षी ज्या बियाण्याचा बोलबाला होता, त्याचा माल यायच्या आधीच लोक नावं लावून ठेवत होते. पंधरा-वीस शेतकरी दाटीवाटीनं उभे. इमामबी आली तशी तिला वाट मिळाली. सगळे तिला ओळखत होते, अन नोटीस आल्याचंही सगळ्या गावाला ठाऊक होतं.

"इंद्रभान," ती म्हणाली, "तुह्या नोटिशीचं उत्तर घेऊन आले."

"चाची, नंतर बोलू. लोक थांबून राह्यले."

"थांबू दे. त्यायच्याही कामाचं हाये." तिनं नोटीस काउंटरवर ठेवली. "तुह्या वकिलानं काय लिहिलं? घर जसं दिलं होतं तसं परत द्या. बराबर?"

"बराबर."

तिनं नोटिशीशेजारी नमुना आठची नक्कल ठेवली. "अन हे पंचायतीचं रजिस्टर काय म्हणते? छप्पर नाही, दार नाही. खाली सही कोणाची हाये? वाच मोठ्यानं, मले वाचता येत नाई."

इंद्रभाननं वाचलं. मनातल्या मनात वाचलं, पण त्याचा चेहरा सगळ्यांना वाचता आला. "ते... ते बाबानं पट्टीसाठी लिहिलं होतं, चाची. सगळेच लिहितेत."

"असं? मंग छप्पर होतं म्हणतं तू? चाल पंचायतीत. चोवीस वर्सं छप्पर होतं असं लिहून दे. मागची सगळी पट्टी भर अन दंड भर. अन उठलाच त या गोठ्याचंही सांग. गुरं कुठी बांधतं म्हणतील."

मागून कोणीतरी हसू दाबलं, ते दाबलं गेलं नाही. सगळं दुकान हसलं. ज्यांची स्वतःची माडी झोपडी म्हणून लिहिलेली होती, ते जरा कमी हसले.

इंद्रभान लालेलाल झाला. "मी निघ म्हणलं त निघालं पाहिजे. घर माहं हाये!"

"तुहंच हाये रे बाप्पा, कोण नाई म्हणते?" इमामबीचा आवाज एकदम उतरला. "कोर्टाचा हुकूम आणल्याशिवाय तू मले हलवू शकत नाई, हे मी विचारून आले. दहा वर्सं बसते मी. तुह्या पेट्या दहा वर्सं रस्त्यावर राहतील. पण मले बसायचं नाई. आखजीले मी माह्या पायानं जाते. भिंती तुह्या. पत्रे सोळा अन दार एक, चौकटीसकट, माहे. तुह्या बापाचा शब्द होता तो. तू तवा रुईत लोळत होता, तुले काय माहीत?"

 बापाचं नाव निघालं तसं इंद्रभाननं ते दोन कागद जवळ ओढले. एकावर वकिलाची सही, एकावर त्याची स्वतःची. लबाड होता तो, पण मुळात नासका नव्हता. अन मे महिना समोर उभा होता.

"न्या चाची," तो शेवटी म्हणाला. "न्या तुमचे पत्रे."

कोणी दुसरी असती तर हात जोडून घरी गेली असती. इमामबी उभीच राहिली. "तोंडी नको. आजकाल सगळं कागदावर लागते, तूच म्हणला होता."

त्याच दुपारी अकीलकडे शंभराच्या मुद्रांकावर लिहिलं गेलं, की भाडं काही बाकी नाही, घर राजीखुशीनं सोडत आहे, अन छपराचे सोळा टिनपत्रे, बल्ल्या, सागवानी दार चौकटीसह भाडेकरूच्या मालकीचे असून ती ते घर सोडण्यापूर्वी काढून नेणार आहे. इंद्रभाननं सही केली. गावातले दोन साक्षीदार घेतले, दोघेही त्या दिवशी दुकानात कमी हसलेल्यांपैकी. अकीलला उशी मिळाली, चांगली लांब धाग्याच्या रुईची.

आखजीच्या दिवशी सकाळी मतीन अन त्याचे दोन मित्र छपरावर चढले. घरोघरी पुरणाचा वास सुटलेला. गोजरबाईनं घागर भरून पितरांना पाणी दिलं, नैवेद्य दाखवला, अन हात धुऊन थेट दोर धरायला आली. पहिला पत्रा सुटला तसा आवाज असा घुमला की रस्त्यावरची माणसं थांबली. पत्र्याआड चोवीस वर्षं साचलेली धूळ, रुईचे तंतू, चिमण्यांच्या काड्या खाली आल्या. अन ऊन आत आलं.

इमामबी आत उभी होती. पत्रे निघत गेले तसं ऊन एकेका कोपऱ्यावर पडत गेलं. चुलीच्या काळ्या भिंतीवर पडलं. मतीन जन्मला त्या जागेवर पडलं. शेवटी त्या कोपऱ्यात पडलं, जिथं गुलजार अखेरचे दोन महिने पडून होता, अन तापात पत्रे मोजायचा. एक, दोन, तीन, सोळापर्यंत, मग पुन्हा एकपासून. "इमामबी, सोळाच हायेत ना?" असं विचारायचा. ती मान डोलावून हाव म्हणायची. तिला वाटायचं तापात बरळून राह्यला. आता त्या उजेडात तिला कळलं, की तो त्याची जन्माची कमाई मोजून तिच्या हवाली करत होता. ती तिथंच खाली बसली अन मोकळी रडली. गोजरबाई दोर सोडून आली नाही, दोर सोडला असता तर पत्रा पडला असता. पण तीही तिथूनच रडत होती.

दुपारी दार निघालं. चौकट काढताना माती ढासळली, मतीननं ती लिंपून दिली. होतं तसं द्यायचं म्हणजे द्यायचं. इंद्रभान आला तेव्हा गोजरबाईच्या अंगणात सोळा पत्रे एकावर एक रचलेले, वर दार आडवं. त्याच्यापुढे चार भिंती होत्या अन वर आभाळ.

सवयीनं त्यानं हात पुढे केला. "चाची, चावी?"

"कुलूप माहं, कडी माही, दार माहं," इमामबी म्हणाली. "चावी कशाची देऊ बाप्पा?"

इंद्रभानला हसावं की चिडावं कळेना. मग हसलाच. आतून त्याच्याही मनावरचं काही उतरलं असेल. दुसऱ्या दिवशी त्यानं स्वतःचे नवे पत्रे आणले, पातळ, निळ्या रंगाचे, अन कोणी सांगितल्याशिवाय पंचायतीत जाऊन छपराची नोंद करून आला. गोठ्याचं मात्र तेव्हा त्याच्या ध्यानात राहिलं नाही.

मे महिन्यात इमामबीच्या घरावर पत्रे चढले. जुन्या खिळ्यांची भोकं डांबरानं बुजवली. मतीन म्हणाला रंग देऊ, ती म्हणाली नको, वाजू दे तसेच. दार लागलं, तिनं ते तीनदा उघडून तीनदा लावलं.

त्यानंतरच्या शुक्रवारी ग्रामसेवक नव्या घराची नोंद घ्यायला आला. ओळखीचा माणूस, बरोबर रजिस्टर. चहा पिता पिता आवाज लहान करून म्हणाला, "इमामबी, कच्चं लिहू का? भिंती झाल्या, छप्पर बाकी, असं. वर्साले शंभर-सवाशे वाचतील. सगळेच लिहितेत."

"काही नको," इमामबी म्हणाली. "हाये ते लिहा. छप्पर टिनपत्र्याचं. पत्रे सोळा. दार सागवानी."

"पत्र्यांची संख्या लिहायला रकाना नाही हो."

"मंग बाजूच्या कोऱ्या जागेत लिहा."

ग्रामसेवकानं तिच्याकडे पाहिलं, कपाळावरचा घाम पुसला, अन कोऱ्या जागेत बारीक अक्षरात सोळा लिहिलं. मालकाच्या रकान्याशी आला तेव्हा त्यानं मतीनकडे पाहिलं. मतीननं आईकडे बोट केलं.

"इमामबी गुलजार," ती म्हणाली. "अन आता वाचून दाखवा. सगळं."

त्यानं वाचून दाखवलं. तिनं पुन्हा वाचायला लावलं, अन दुसऱ्यांदा तो 'पत्रे सोळा' वर आला तेव्हा ती हळूच म्हणाली, "हाव. सोळाच हायेत." मग कमरेची पिशवी सोडून पट्टीचे पूर्ण पैसे मोजून दिले, पावती घेतली, अन ती ओवायला मतीनला नवी तार कापून आणायला सांगितली.